हात कोणाचा

कुसुमबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे नालवाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. 'कोणाला सांगू नका' म्हणून त्यांना एखादी गोष्ट सांगितली, तर दुसऱ्या दिवशी ती भाजीबाजारात मेथीच्या जुडीबरोबर फुकट मिळायची. कुसुमबाईंना त्याचं वाईट वाटत नसे. माणसाला तोंड दिलंय ते बोलायलाच, असं त्यांचं सरळ मत होतं, आणि गप्प बसणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यामुळे त्यांच्या घरी सात हिवाळे राहिलेल्या एका बाईने आपलं सगळ्यात जपलेलं गुपित त्यांच्या पदरात टाकलं आणि कुसुमबाईंनी ते कोणालाही सांगितलं नाही, हे आजही कोणाला खरं वाटत नाही. पण ते खरं आहे. आणि जो घात झाला तो त्यांनी ते सांगितलं नाही म्हणूनच झाला.

त्या बाईचं नाव ल्हाझोम. नालवाडीच्या जिभेला ते काही पेललं नाही, म्हणून ती झोमबाई झाली. दिवाळी उरकली की ती गोंदियाकडच्या तिबेटी वसाहतीतून गाठोडी घेऊन यायची, वर्ध्याच्या मैदानावर आपल्या लोकांच्या रांगेत स्वेटरचं दुकान लावायची आणि जानेवारी सरता सरता परत जायची. कुसुमबाई आणि बंडूजींचा भाजीचा मळा वस्तीच्या कडेला, मळ्यातच घर आणि घराला लागून एक खोली. ती खोली तीन महिने झोमबाईची. साठीला टेकलेली, ठेंगणी, केसांच्या दोन वेण्या लाल दोऱ्यात गुंडाळून डोक्याभोवती बांधलेल्या. मराठी ती बाजारात शिकली होती, त्यामुळे तिला भाव करता यायचा, भांडता यायचं आणि बायकांचं सुखदुःख विचारता यायचं. एवढ्यावर आमच्या भागात आयुष्य निघतं.

पहिली तीन वर्षं ती नुसती स्वेटरवाली होती. चौथ्या हिवाळ्यात कुसुमबाईंची नात अंकिता मोबाइल घेऊन धावत स्वयंपाकघरात आली. मोबाइलमध्ये परदेशातलं एक भलंमोठं सभागृह होतं, हजारभर गोरी माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि समोर निळ्या रेशमी पोशाखात झोमबाई हात जोडून उभी होती. कुसुमबाईंनी मोबाइल पाहिला, मग खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर तीच बाई गोठ्यातलं शेण टोपल्यात भरत होती.

"बाप्पा," कुसुमबाई म्हणाल्या, "अन् मी तिले सकायपासून गोवऱ्या थापाले लावलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. उंच कुरणावर जनावरं राखणाऱ्यांची ही पोर. आई दूध काढायची तेव्हा तिच्या पाठीला पाठ लावून बसायची आणि गाणी शिकायची. अठराव्या वर्षी मावशीबरोबर बर्फातून चालत नेपाळमार्गे ती इकडे आली. वाटेत पायाची दोन बोटं गेली. धरमशाळेत गाणाऱ्यांच्या मंडळीत तिला घेतलं. तिची पहिली कॅसेट निघाली तेव्हा ती वाजवून ऐकायला तिच्याकडे टेप नव्हता. पुढे पॅरिस झालं, टोकियो झालं, न्यूयॉर्क झालं. तिच्या कॅसेटी चहाच्या पेट्यांत लपून डोंगरापलीकडच्या गावांत पोचायच्या, आणि जगभर विखुरलेल्या तिच्या लोकांत लग्न असो की मयत, तिचा आवाज लावल्याशिवाय कोणाचं भागत नसे. अंकिताने विचारलं की एवढी मोठी कलाकार तर मग स्वेटर कशाला विकता. झोमबाई हसली आणि म्हणाली की टाळ्या शिजत नाहीत.

तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं दूध काढण्याचं होतं. याकच्या मादीला तिकडे द्री म्हणतात. द्री मोठी संशयी. परका हात लागला की पान्हा चोरते. म्हणून दूध काढणारी आधी तिच्याशी बोलते:

थांब गं काळे, दचकू नको,
ओल्या सडाला हात कोणाचा?
परका नाही, काळे, हात हा,
हात...

आणि इथे झोमबाई ओठ मिटून घ्यायची. शब्द नाही, नुसतं गुंजणं. आवाज गळ्यातच अडवून ठेवायचा, फिरवायचा आणि शेवटी मग 'बहिणीचा' एवढंच म्हणून सोडून द्यायचा. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. या गुंजण्याने तिला जगभर नाव दिलं. परदेशी पंडितांनी त्यावर प्रबंध लिहिले. मिटल्या ओठांनी गाण्याची ही तिबेटी रीत हजार वर्षं जुनी आहे, असं त्यातल्या एकाने सिद्धसुद्धा करून टाकलं. पंडितांना सिद्ध करायला फार लागत नाही.

कुसुमबाई दोन यत्ता शिकलेल्या. पण त्या अल्लीपूरच्या लेक, आणि लहानपणी आईबरोबर जात्यावर बसून त्यांनी भावाचं नाव गुंफलेल्या ओव्या शेकड्याने म्हटल्या होत्या. एका सकाळी झोमबाई त्यांची चांदी गाय पिळत होती. चांदी बंडूजींना लाथ मारायची, पण झोमबाईला मात्र शहाण्यासारखी उभी राहायची. गाणं चालू होतं. कुसुमबाईंनी अर्थ विचारला, तिने ओळ ओळ करून सांगितला, आणि कुसुमबाई वैरणीची पेंढी हातात तशीच धरून म्हणाल्या, "हे तं नावाची जागा आहे व. भावाचं नाव काऊन गिळून राह्यली?"

झोमबाईचा हात सडावरच थांबला. चाळीस वर्षांत एवढ्या देशांत एवढ्या शहाण्या माणसांनी ते गाणं ऐकलं होतं, पण हे तिला कोणी विचारलं नव्हतं. मग बादली बाजूला ठेवून तिने कुसुमबाईंना सगळं सांगितलं.

तिला एक भाऊ होता. लोद्रो. ती निघाली तेव्हा अकरा वर्षांचा, आता पन्नाशीचा. सेरलुंग नावाच्या गावात अजून जनावरं राखतो. त्यांच्याकडची रीत अशी की घरातल्या धाकट्या मुलाचं नाव गाण्यात घ्यायचं, गावासकट: 'सेरलुंगच्या लोद्रोच्या बहिणीचा'. तिची पहिली कॅसेट तिकडे पोचली तेव्हा तिच्या चुलत्याच्या घरी ती सापडली. चुलत्याला चिनी पोलीस घेऊन गेले. दीड वर्षाने तो परत आला तेव्हा स्वतःच्या हाताने त्याला घास उचलता येत नव्हता. त्यानंतर घरच्यांनी तिचे फोटो जाळले आणि सरकारी कागदावर ती लहानपणीच तापाने मेली असं लिहून घेतलं. लोद्रोला बहीण नाही. कागदावर ल्हाझोम मेलेली होती, आणि त्या मरणाच्या आडोशाला तो जगत होता.

त्याची खुशाली कळायची ती फार लांबच्या वाटेने. गावातून एक व्यापारी, व्यापाऱ्याकडून काठमांडूचं एक दुकान, आणि त्या दुकानातून दर पौर्णिमेला दुपारी झोमबाईच्या फोनवर तीन घंट्या. तिसऱ्या घंटीला फोन बंद व्हायचा. उचलायचा नाही, उलटून फोन लावायचा नाही. तीन घंट्या म्हणजे लोद्रो आहे आणि बरा आहे. तीस वर्षांत यात बदल झाला तो एवढाच, की पूर्वी घंटी वसाहतीतल्या कार्यालयात वाजायची आणि आता तिच्या हातात वाजते.

त्या दिवसापासून कुसुमबाई पौर्णिमेला दुपारी मळ्यात जाईनाशा झाल्या. दोघी ओट्यावर बसायच्या, मधे फोन. एक, दोन, तीन. मग झोमबाई डोळे पुसायची आणि कुसुमबाई चहा टाकायच्या. बंडूजींनी एकदा विचारलं की हे काय चाललंय तुमचं, तर कुसुमबाईंनी त्यांना पालकाला पाणी द्यायला पिटाळलं. स्वतःच्या नवऱ्याला, सुनेला, नातीला, कोणाला म्हणून त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नाही. आपल्यालाही पोटात काही ठेवता येतं, याचा त्यांना मनातून अभिमान वाटायला लागला होता.

दोन वर्षांपूर्वी अल्लीपूरला कुसुमबाईंचा भाऊ मधुकरराव गेला. सकाळी तूर पाहायला शेतात गेला आणि बांधावर बसला तो उठलाच नाही. तेव्हापासून कुसुमबाई त्याच्या नावाची ओवी ऊठसूट म्हणायच्या. भाकरी थापताना, शेपू निवडताना. नाव घेतलं की माणूस जवळ येतो, असं त्यांच्या आईने सांगितलं होतं, आणि कुसुमबाईंना तो अनुभव येत होता. झोमबाईचं मात्र त्यांना वाईट वाटायचं. आपला भाऊ मेला तरी आपल्या तोंडात आहे. हिचा जिवंत आहे आणि हिला त्याचं नाव गिळावं लागतं. हे त्यांना टोचत राहिलं.

गेल्या वर्षी पौषातली पौर्णिमा संक्रांतीच्या आदल्या दिवशी होती. तीन घंट्या नीट वाजल्या. चौथ्या दिवशी कुसुमबाईंच्या घरी हळदीकुंकू झालं. सून सपनाने तिळाचे लाडू केले होते, वाणाला प्लास्टिकचे डबे आणले होते, आणि आसपासच्या पंधरा-वीस बायका आल्या होत्या. सकाळीच कुसुमबाईंनी अंकिताला बजावलं होतं की आज मी मधुकरची ओवी म्हणणार आहे, ती मोबाइलमध्ये घेजो, अल्लीपूरच्या भावजयीला पाठवायची आहे. अंकिताने मोबाइल लाडवाच्या डब्याला टेकवून उभा केला होता.

बायका एकेक करून नाव घेत होत्या, उखाणे जुने, हसणं नवं. शेजारची मोनाली नवऱ्याचं नाव घेताना अडली तेव्हा तिला तीनदा म्हणायला लावलं. मग कुसुमबाईंची पाळी आली. बंडूजींचं नाव आयुष्यभर घेतलंय, त्यात काय राहिलंय, असं म्हणून त्यांनी ओवीच म्हटली:

अल्लीपूरच्या वाटेनं उडे फुफाटा व माती,
मधुकर भाऊ माहा, शेंगा तुरीच्या त्याच्या हाती.

म्हणता म्हणता त्यांना रडू आलं. बायकांचेही डोळे ओले झाले. मग कोणीतरी म्हणालं की आता झोमबाईने नाव घ्यावं, आणि दुसरी म्हणाली की तिचं तर लग्नच झालं नाही, ती कोणाचं घेणार. झोमबाई हसून मान हलवत होती. कुसुमबाई सरकून तिच्याजवळ बसल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"तू तुह्या भावाचं घे," त्या हळूच म्हणाल्या. "माहं घर म्हंजे काई स्टेज नाई. या बायायले तुही भाषा समजत नाई. एक डाव घे. नाव घेतलं का माणूस जवळ येते."

झोमबाईने त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं मिटलेले ओठ उघडायला काही तरी निमित्त लागतं, आणि ते असंच घरगुती असतं. तिने डोळे मिटले आणि गाणं सुरू केलं. ती चौथी ओळ आली. ती गुंजली नाही. 'सेरलुंगच्या लोद्रोच्या बहिणीचा' असं तिने मोकळ्या गळ्याने, पूर्ण आवाजात म्हटलं, आणि पुन्हा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा म्हटलं. बायकांना एक शब्द कळला नाही, तरी हळदीकुंकवाची वाटी फिरायची थांबली. कुसुमबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी झोमबाईचा हात गच्च आवळला.

मोबाइल डब्याला टेकून उभा होता. पुढे कुसुमबाई सांगायच्या की तो आहे हे मी साफ विसरले होते. तसं नव्हतं. त्यांनी तो पाहिला होता. पाहून त्यांना वाटलं होतं की बरं झालं, हेही त्यात आलं.

अंकिताने ओवी अल्लीपूरला पाठवली, आणि झोमबाईचं गाणं कापून इंटरनेटवर टाकलं. त्यात तिचं काही चुकलं नाही. नाव घ्यायचं नसतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तिच्या आजीने तोंड बंद ठेवलं होतं. नेहमीसारखी ती बडबडली असती, तर पोरीने ते गाणं टाकलं नसतं.

पाचव्या दिवशी अंकिता नाचत आली. सहा लाख लोकांनी पाहिलं, आजी. परदेशातल्या मोठमोठ्या लोकांनी पुढे पाठवलं. ते काय म्हणताहेत ऐका, असं म्हणून तिने वाचून दाखवलं: चाळीस वर्षांची रिकामी जागा अखेर भरली, थोर गायिकेने नाव उच्चारलं, हा लोद्रो कोण असेल? खाली लोकांनी त्या ओळीची भाषांतरं दिली होती, इंग्रजीत, फ्रेंचमध्ये, चिनीत. एका भल्या माणसाने नकाशा लावून सेरलुंग कुठे आहे तेही दाखवलं होतं.

कुसुमबाईंच्या हातातली कोथिंबीर खाली पडली. त्या चप्पल न घालता निघाल्या. रस्त्यावर येऊन त्यांनी ऑटो थांबवला आणि मैदानावर उतरून झोमबाईच्या दुकानात शिरल्या, तेव्हा ती एका बाईला बंद गळ्याचं स्वेटर दाखवत होती. गिऱ्हाईक गेल्यावर कुसुमबाईंनी सांगितलं. त्यांना वाटलं ती ओरडेल, शिव्या देईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने विचारलं एवढंच की गावाचं नाव त्यात ऐकू येतं का. कुसुमबाईंनी मान खाली घातली. झोमबाईने मग स्वेटरची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

अंकिताला त्या दिवशी सगळं सांगितलं. पोरीने लगेच गाणं काढून टाकलं, ज्यांनी उचललं होतं त्यांना हात जोडून निरोप लिहिले. काहींनी काढलं. बाकीच्यांनी कौतुकाने उत्तर पाठवलं की एवढा अनमोल ठेवा जगापासून लपवू नका. सांडलेलं दूध कासेत परत जात नाही, असं म्हणून बंडूजी मळ्यात गेले.

दोन दिवसांनी दुकानात एक माणूस आला. चाळिशीचा, नीटनेटका, उत्तरेकडची स्वच्छ हिंदी बोलणारा. त्याने राखाडी स्वेटर उचललं, अंगाला लावून पाहिलंसुद्धा नाही, आणि सांगितली ती किंमत काढून दिली. इतक्या वर्षांत वर्ध्यात भाव न करता स्वेटर घेणारा माणूस झोमबाईने पाहिला नव्हता. जाता जाता तो हसून म्हणाला की आपलं गाणं ऐकलं, फार सुंदर आहे. लोद्रोजी आता किती वर्षांचे असतील? कोण लोद्रो, असं ती म्हणाली. त्याने मान डोलावली, जणू त्याला हेच उत्तर हवं होतं, आणि तो गर्दीत मिसळून गेला. कदाचित तो साधा रसिकच असेल. कुसुमबाईंनी तिला तसं पुन्हा पुन्हा सांगितलं.

जानेवारी संपला. मैदानावरची दुकानं उठली, उरलेली गाठोडी ट्रकमध्ये चढली आणि झोमबाईचे लोक त्यांच्या नव्या वर्षासाठी वसाहतीकडे निघाले. ती गेली नाही. माघी पौर्णिमा होईपर्यंत इथेच राहू दे, असं तिने कुसुमबाईंना सांगितलं. तिथे चारशे माणसं माझं तोंड वाचतील, इथे तू एकटीच वाचशील. ते ऐकून कुसुमबाईंना बरं वाटलं नाही, पण त्यांनी खोलीत नवी गोधडी टाकली.

ते बारा-तेरा दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. झोमबाई सकाळी चांदीला पिळायची, पण गात नव्हती, आणि गायही नीट दूध देईना. दर पावलाला फोन बरोबर. कुसुमबाईंनी ओवी म्हणणं बंद केलं होतं. त्या देवापुढे बसायच्या आणि देवाला एकच मागायच्या: तीन घंट्या. जास्त नाही, कमी नाही, तीन.

माघी पौर्णिमेला दुपारी दोघी ओट्यावर बसल्या. ऊन चढलं होतं, थंडी जवळपास संपली होती. बंडूजी मळ्यात वांगी तोडत होते आणि उगाच घराच्या बाजूची झाडं आधी घेत होते. अंकिता दाराच्या आत उभी होती. तीन वाजले. साडेतीन वाजले. झोमबाईने जपमाळ काढली आणि पुन्हा खिशात ठेवली.

चारला पाच कमी असताना फोन वाजला.

एक. कुसुमबाईंचा श्वास सुटला. दोन. तीन. झोमबाईने डोळे मिटले, आणि कुसुमबाई चहा टाकायला उठण्यासाठी ओट्यावर हात टेकतात तोच फोन चौथ्यांदा वाजला.

दोघी फोनकडे पाहत राहिल्या. पाच. सहा. नंबर काठमांडूचा नव्हता, लांबलचक, कधी न पाहिलेला. तो वाजायचा थांबेना. सातव्या घंटीला झोमबाईने तो उचलला आणि कानाला लावला.

पलीकडे पुरुषाचा आवाज होता, एवढं कुसुमबाईंना ऐकू आलं. शब्द कळण्याचा प्रश्नच नव्हता. पण झोमबाईचा चेहरा त्यांच्यासमोर होता, आणि पहिल्या दोन-तीन वाक्यांना तो इतका उजळला की कुसुमबाईंनी असा तो सात वर्षांत पाहिला नव्हता. लगेच तो विझला. पलीकडचा आवाज संथ चालू होता, शाळेतलं पोर पाठ म्हणतं तसा. मधे फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पलीकडून काही तरी विचारलं गेलं, आणि झोमबाई बोलली. स्वेटरचा ठरलेला भाव सांगताना तिचा आवाज जसा सपाट व्हायचा तसा झाला होता. चार वाक्यं असतील. पलीकडून दोन वाक्यं आली. फोन बंद झाला. सगळं दोन मिनिटांत उरकलं.

कुसुमबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. अंकिता आत रडत होती. मग झोमबाईने सांगायला सुरुवात केली.

तो लोद्रो होता. आवाजावरून ओळखला नाही. अकरा वर्षांच्या पोराचा आवाज तिच्या कानात होता आणि हा म्हातारा होत चाललेला माणूस. पण लहानपणी द्रीवरून पडून त्याचा पुढचा दात अर्धा तुटला होता, आणि 'स' म्हणताना त्याच्या तोंडून हलकी शीळ निघायची. ती अजून निघते. त्याने आधी आपलं नाव, वय, गाव सांगितलं. मग म्हणाला की माझ्याजवळ काही माणसं बसली आहेत, चांगली माणसं आहेत, त्यांनी मला चहा दिला. त्यांना तुमच्या गाण्याबद्दल एक विचारायचं आहे. त्यात तो हात कोणाचा?

"मंग तू काय म्हटलं?" कुसुमबाईंनी विचारलं.

"मी म्हटलं, परका हात." झोमबाई अंगणाकडे पाहत होती. "कोणाच्या बहिणीचा नाई. नाव तं चालीसाठी टाकलं. मले भाऊ नाई, मी तुमाले ओळखत नाई."

"अन् तो?"

"तो म्हणे, बरोबर आहे. माही बहीण लहानपणीच मेली."

चाळीस वर्षांनी भावाबहिणीचं बोलणं झालं ते एवढं. कुसुमबाईंनी झोमबाईचे हात धरले आणि जे स्वतःलाच ऐकायचं होतं ते विचारलं, "मंग सुटला ना तो? तू नाई म्हटलं, त्यानं नाई म्हटलं. सुटला ना?"

झोमबाईने हात सोडवून घेतले नाहीत. ती शांतपणे म्हणाली, "कोणी खोटं म्हटलं का हात वयखीचा आहे, तं द्रीले समजते, कुसुमबाई. अन् वयखीचा हात परका म्हटला, तं तेबी समजते. त्या लोकायलेबी समजलं असन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. जाताना तिने चांदीच्या कपाळावर हात ठेवला, अंकिताला जवळ घेतलं आणि तुझी चूक नाही असं सांगितलं. कुसुमबाईंना तसं काही सांगितलं नाही. दोघी बस येईपर्यंत फाटकापाशी उभ्या होत्या, आणि बस आल्यावर झोमबाई मागे न पाहता चढली.

त्यानंतर अकरा पौर्णिमा झाल्या. दर पौर्णिमेला संध्याकाळी कुसुमबाई वसाहतीत फोन लावतात. झोमबाई उचलते, 'नाई' एवढं म्हणते आणि ठेवते. काठमांडूचं ते दुकान बंद झालंय. व्यापारी कुठे आहे, कोणाला माहीत नाही. परदेशातून तिला दोन मोठी बोलावणी आली होती, त्या नाव घेतलेल्या गाण्यासाठीच. तिने दोन्ही परत पाठवली. यंदा दिवाळीनंतर मैदानावर स्वेटरची दुकानं लागली, त्यात तिचं दुकान नव्हतं. खोलीला कुलूप आहे. ती भाड्याने द्यायची का, असं बंडूजींनी एकदाच विचारलं.

संक्रांतीनंतर सपनाने हळदीकुंकू केलं, करायला हवं म्हणून. बायका आल्या, लाडू वाटले, उखाणे झाले. कुसुमबाई कोपऱ्यात बसून होत्या. अंकिताचा मोबाइल आत कपाटात होता. मोनालीने आग्रह धरला की आजी, तुमची ती भावाची ओवी म्हणा, त्याशिवाय काही मजा नाही. कुसुमबाई नाही म्हणाल्या. मग सगळ्याच मागे लागल्या, तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. अल्लीपूरच्या वाटेनं, उडे फुफाटा व माती.

मधुकरराव मेलेला माणूस. त्याला घेऊन जायला कोणी येणार नव्हतं. त्याचं नाव घेतल्याने कोणाचं काही बिघडणार नव्हतं, हे कुसुमबाईंना पक्कं माहीत होतं. तरी ते नाव ओठाशी आलं आणि त्यांचे ओठ मिटले. आवाज तेवढा आत फिरत राहिला, गळ्यातल्या गळ्यात, बराच वेळ. मग त्यांनी 'शेंगा तुरीच्या त्याच्या हाती' म्हणून ओवी संपवली.

मोनाली डोळे पुसत म्हणाली की यंदा आजीचा आवाज भलताच गोड लागला, मधला तो भाग तर पुन्हा ऐकावा असा होता. बाकीच्यांनीही तेच म्हटलं. कुसुमबाई उठल्या आणि चांदीला वैरण घालायची राहिली आहे असं सांगून गोठ्याकडे गेल्या.